नमुन्याचा फोटो

१

वहिनीनं चोरी केली, तीही दिवसाढवळ्या, भर दुकानात, असा फोन आला तेव्हा आत्या बाळाला पाजत होती.

"बाईंनी तुमचा नंबर दिलाय," पलीकडचा माणूस म्हणाला. "फोटोची फ्रेम छातीशी धरून पळत होत्या. दारात अडवलं. आता तुम्ही येताय, की पोलिसांना बोलवू?"

"येते," आत्या म्हणाली, आणि पिणाऱ्या लेकीला तशीच झोळीत बांधून निघाली.

तिला सगळे आत्याच म्हणत. भावाला मुलगा झाला त्या दिवशी तिचं खरं नाव जे मागे पडलं ते पडलंच. मुलगा अकरा महिन्यांचा होऊन तीन दिवसांच्या तापानं गेला. 'आत्या' हे नाव तेवढं तिच्याकडे राहिलं. परत कुणाला करणार?

दुकान घरसामानाचं होतं. बादल्या, पडदे, उशांचे ढीग. वहिनी गल्ल्याशेजारी प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसली होती, हातांची घडी घालून, आणि घडीच्या आत फ्रेम. चष्मा कपाळावर चढवलेला मॅनेजर तिच्यासमोर उभा होता आणि गल्ल्यावरची मुलगी घाबरून टेपच्या गुंडाळीशी चाळा करत होती.

"मी ह्यांना मघापासून समजावतोय," मॅनेजर म्हणाला. "अहो, हा नमुना आहे. फ्रेम रिकामी दिसू नये म्हणून आत नमुन्याचा फोटो घालतात. फ्रेम घ्यायची, नमुना काढून टाकायचा, आपला लावायचा. साधी गोष्ट आहे."

"नमुना म्हणू नका त्याला!" वहिनी एवढ्या जोरात ओरडली की झोळीतली छोटी दचकली. "नमुना फक्त त्याचा बाबा म्हणायचा!"

ते खरं होतं. पोरानं काही उद्योग केला, पावडरचा डबा डोक्यावर ओतून घेतला, की दादा कमरेवर हात ठेवून म्हणायचा, "काय नमुना जन्माला घातलाय गं!" बाकी सगळे त्याला भोपू म्हणत, कारण तो भोंग्यासारखा रडायला लागला की खालच्या मजल्यावरचे लोक वर यायचे.

आत्यानं मान वळवली.

मागच्या भिंतीवर भोपू होता. भिंतभर भोपू. लाकडी चौकटीत भोपू, सोनेरी चौकटीत भोपू, शिंपले चिकटवलेल्या चौकटीत भोपू. धुण्याच्या निळ्या टोपलीत बसलेला, डोक्यावर ओला टॉवेल, खालचे दोन दात दाखवत, डोळे मिटेपर्यंत हसणारा. आणि प्रत्येक काचेवर त्याच्या पोटाशी एक चिकटपट्टी: 'इथे तुमचा फोटो लावा'.

आत्या विमा कंपनीत दाव्यांचा तपास करायची. दुकान जळलं की जाळलं, हे राखेत उकिडवं बसून शोधणं हा तिचा धंदा. बाळंतपणाच्या रजेवर होती, पण सवय थोडीच रजेवर जाते? तिनं आधी चेहरा सोडून कडा पाहिल्या. उजव्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत छापलं होतं, 'छायाचित्र : मुक्त'.

"हे कोण?"

"असेल कुणी फोटोग्राफर," मॅनेजर म्हणाला. "मुक्त. आडनाव असेल."

तिनं मोबाईल काढून फ्रेमचा फोटो घेतला. मग मॅनेजरनं वहिनीची बोटं एकेक करून सोडवली आणि फ्रेम परत खिळ्यावर टांगली. तेवढ्यापुरता तो जरा हळू हातानं वागला, हे आत्यानं मनातल्या मनात त्याच्या जमेला धरलं.

रस्त्यावर आल्यावर वहिनी थांबली. "आत्याबाई, लोक फ्रेम घरी नेऊन सगळ्यात पहिलं काय करतात?"

आत्या छोटीची झोळी सारखी करू लागली.

"त्याला काढून टाकतात. किती घरांतल्या कचऱ्याच्या डब्यात पडला असेल माझा भोपू? बटाट्याच्या सालांखाली?"

"वहिनी, चल घरी."

"तू आग लावणारे शोधतेस ना? हा शोध. हा फोटो आपल्या पाच जणांच्या ग्रुपवर होता. एरवी मी भोपूचे फोटो कुठे टाकायची नाही, हा एकच त्या फोटोंच्या साइटवर माझ्या खात्यावर टाकला होता, तोही घरच्यांनाच दिसेल असा. आणि तो गेल्यावर ते खातंच मी बंद केलं. म्हणजे पाचांपैकीच कुणीतरी." तिचा आवाज एकदम खाली आला. "ज्याच्या हातून हे झालंय त्याचं तोंड मी जन्मात बघणार नाही. तुझा दादा असला तरी."

२

पाचांतला एक होता दादाचा जुना दोस्त. त्याचा फोटो स्टुडिओ होता आणि तोंडात सदानकदा एकच वाक्य, 'जरा उजेडात या'. म्हणून त्याला सगळे उजेड म्हणत.

"ये, ये, आत्या. जरा उजेडात ये," तो म्हणाला, आणि मोबाईलवरचं चित्र पाहून खुर्चीत बसला. मग म्हणाला, "माझ्यावर संशय आहे?"

"सगळ्यांवर आहे. माझ्यावरसुद्धा."

"मग ऐक. फोटो ज्यानं काढला त्याचा असतो. ज्याचा काढला त्याचा नसतो. चेहरा तुमचा, फोटो आमचा. गिऱ्हाईक भांडतात माझ्याशी ह्याच्यावरून. हा तुझ्या दादानं काढलेला, म्हणजे दादाचा."

आत्याला वाटलं, काय भाषा आहे आपली! 'हा फोटो कुणाचा?' असं आपण विचारतो तेव्हा एका दमात तीन प्रश्न विचारतो. फोटोत कोण आहे, कुणी काढला, आणि मालक कोण. भोपू होता तोवर तिन्हींचं उत्तर 'आमचा' असंच होतं. कुणाला वेगळं करून बघायची गरजच पडली नव्हती.

उजेडनं संगणकावर स्वतःकडची प्रत उघडली. "हा मी मोठा करून दिला होता. नाकाकडे बघ."

भोपूचं नाक गुळगुळीत होतं.

"त्याच्या नाकावर नखाचा ओरखडा होता. स्वतःच ओरबाडायचा. मी आपला सवयीनं पुसून टाकला. तो गेल्यावर तुझ्या वहिनीनं ती तसबीर आणून ह्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, तुम्ही माझ्या लेकाचं नाक पुसलंत. परत कधी पायरी चढली नाही."

आत्यानं दुकानातलं चित्र मोठं केलं. ओरखडा होता. नाकाच्या शेंड्यावर, पेन्सिलीची रेघ असावी तसा.

तेवढ्यावर उजेड सुटला असं नाही. न पुसलेली मूळ प्रत ग्रुपवर त्यालाही आली होतीच. पण स्वतःच्या कामाचा एवढा गर्व असलेला माणूस ओरखड्यासकट फोटो बाहेर जाऊ देईल, हे तिला पटेना.

"आणि हा मुक्त कोण? तुमच्या धंद्यातला?"

उजेड हसला, पण ते हसू ओठांवरच राहिलं. "हा माणूस नाही, आत्या. 'मुक्त' म्हणजे मालकानं हक्क सोडलेला फोटो. कुणीही घ्या, कुठेही लावा. त्या फ्रेमवाल्यांची काही चूक नाही. त्यांनी चोरला नाही, आणि कुणी त्यांना विकलाही नाही."

"मग?"

"मालक म्हणून कुणीतरी स्वतःच्या हातानं सोडून दिलाय."

३

मावशी म्हणजे वहिनीची धाकटी बहीण. तान्ह्या बाळांचे कपडे शिवायची आणि इंटरनेटवर पान चालवून विकायची. हजारो लोक तिच्या पानावर येऊन चिमुकली झबली पाहून उसासे टाकायचे. आत्या पोचली तेव्हा ती शिलाईच्या मशीनवर टोपीला कान लावत होती.

"मुक्ता?" तिनं अक्षरं वाचून डोळे वटारले. "कोण ही मुक्ता? पत्ता दे, झिंज्याच उपटते!"

"मुक्त गं. मुक्ता नाही." आत्यानं समजावलं.

मावशीचा चेहरा पडला. "म्हणजे तू माझ्याकडे आलीस. फोटो टाकायचा रोग मला आहे म्हणून."

"तुझ्या पानावर भोपू होता?"

"होता. एकदाच. मी शिवलेली टोपी त्याच्या डोक्यावर चिकटवून. टॉवेल झाकला गेला, आणि दोन्ही बाजूंना बदाम. ताईनं मला फोनवर धुऊन काढलं, मी पाच मिनिटांत खाली उतरवला." तिनं टोपी बाजूला ठेवली. "तेव्हा मी अटी वाचल्या, आयुष्यात पहिल्यांदा. ती साइट म्हणते, फोटो तुमचाच आहे हो! फक्त ठेवणार आम्ही, दाखवणार आम्ही, कापणार-जोडणार आम्ही. आमच्या सासूबाई नव्हत्या म्हणत? सूनबाई, घर तुमचंच आहे. फक्त कपाटाच्या किल्ल्या माझ्याकडे."

आत्याला हसू आलं. मग दोघींनाही ते एकदमच थांबवावंसं वाटलं.

"त्याची टोपी अजून आहे माझ्याकडे," मावशी म्हणाली. "मागणी येते, तसलीच हवी म्हणून. मी सांगते, त्या मापाची बंद झाली." तिनं नाक पुसलं, आत्याचा मोबाईल ओढून घेतला आणि चित्र डोळ्यांजवळ नेलं. "थांब. हे काय आहे, डाव्या कडेला?"

टोपलीमागे कपाटाचा आरसा होता. दुकानातल्या चित्रात त्याची जेमतेम पट्टी दिसत होती, आणि त्या पट्टीत काहीतरी टोकदार, फुलाफुलांचं.

"अगं, हे ताईचं कोपर!"

आत्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दादानं फोटो काढला तेव्हा त्याच्याशेजारी वहिनी उभी होती. पिंजारलेले केस, फुलाफुलांचा गाऊन, आणि भोपूनं हसावं म्हणून जीभ बाहेर काढून डोळे तिरळे केलेले. ती सगळी आरशात आली होती. ग्रुपवर आलेल्या फोटोत ती अख्खी होती. पण स्वतःच्या खात्यावर टाकताना, 'शी, काय माझा अवतार', म्हणून तिनं स्वतःला कापून टाकलं होतं. आणखी कापलं असतं तर भोपूचा हात गेला असता, म्हणून तेवढं कोपर राहिलं. त्या फोटोखाली आत्यानंच लिहिलं होतं, 'बाळ सुंदर, कोपर त्याहून सुंदर.' वहिनीनं उत्तरादाखल चपलेचं चित्र पाठवलं होतं.

हुबेहूब तोच काप. तेच कोपर.

म्हणजे फोटो ग्रुपवरून गेलेला नव्हता. उजेड सुटला, मावशी सुटली. फोटो गेला तो वहिनीच्या खात्यावरून.

"ताईला ते खातं कुणी उघडून दिलं होतं गं?" आत्यानं विचारलं, उत्तर माहीत असूनही.

मावशीनं मशीनच्या चाकावर हात ठेवला. "भावोजींनी. पासवर्डसुद्धा त्यांनीच घातला होता. ताईला कुठे लक्षात राहतं?"

४

दादा लिफ्ट दुरुस्त करायचा. एका उंच इमारतीच्या गच्चीवर, यंत्राच्या खोलीत तो ग्रीसनं काळ्या झालेल्या हातांनी दोराचा ताण बघत होता. बहीण पोरीला घेऊन एवढे जिने चढून आली, कारण लिफ्ट तर त्यानंच बंद ठेवली होती.

"बस," तो म्हणाला. "डब्यावर बस. छोटीला वंगण लागेल, जपून."

आत्यानं त्याच्यापुढे मोबाईल धरला. त्यानं चित्र पाहिलं. खालची अक्षरं पाहिली. आणि तिथून त्याची नजर हलेना.

"दादा, हा वहिनीच्या खात्यावरून गेलाय. पासवर्ड तुझ्याकडे होता."

"हो."

"मग?"

"मग काय. मीच विकला." त्यानं फडक्याला हात पुसले. पुसून झाल्यावर पुन्हा पुसले. "सांग तिला जाऊन."

लहानपणी त्यानं फोडलेल्या काचांचे फटके आत्यानं खाल्ले होते, तिनं फोडलेल्या काचांचे त्यानं. हा माणूस खोटं बोलायला लागला की कानाची पाळी ओढतो, हे जगात फक्त तिला माहीत होतं. आता कानाच्या पाळीला काळं ग्रीस लागलं होतं.

"दादा, विकलेला नाहीये तो. कुणी विकलाच नाही. सोडून दिलेला आहे."

दादानं फडक्याची घडी घातली.

"खोटे कबुलीजबाब मी पोटापाण्यासाठी ऐकते. पोरानं आग लावली की बाप म्हणतो मी लावली. कुणासाठी घेतोयस अंगावर?"

"तुला काय करायचंय?" तो एकदम उसळला. "तुला चोर पाहिजे ना? हा घे चोर! लिही मोठ्या अक्षरांत!" मग आवाज मऊ झाला. "घरी जा, आत्या. छोटीला भूक लागली असेल."

"पण तू—"

"जा म्हणतो ना. थांब, लिफ्ट सुरू करतो. पायी नको उतरू तिला घेऊन."

लिफ्टचं दार बंद होताना फटीतून तिनं पाहिलं. दादा भिंतीकडे तोंड करून उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते.

५

घरी येऊन आत्यानं छोटीला पाजलं, झोपवलं आणि खिडकीशी बसली. ऊन उतरत होतं. फोटो सोडून देणारा माणूस चोर नव्हता, मग त्यानं काय मिळवलं? आगीच्या तपासात ती आधी एकच करायची. आग लागली त्या जागी उभं राहायचं आणि तिथून काय दिसतं ते बघायचं.

तिथून काय दिसतं?

त्या साइटवर तिचंही खातं होतं. वहिनीनं जसं बंद केलं, तसंच बंद करून बघू, असं म्हणून तिनं बटण दाबलं. खरंच बंद करायचं का, असं विचारून झालं. पासवर्ड मागून झाला. आणि मग पडद्यावर, न मागता, न सांगता, छोटी आली.

गेल्या महिन्यात तिनंच टाकलेला फोटो. छोटी आळस देतेय, दोन्ही मुठी कानांशी, तोंडाचा इवलासा ओ. त्याखाली लिहिलं होतं, 'जाण्यापूर्वी या फोटोचं काय करू?' आणि दोन बटणं.

एक लाल होतं, 'काढून टाका'.

दुसरं निळं, 'मुक्त करा'.

आत्याचा अंगठा लाल बटणावर गेला आणि तिथेच थिजला. छोटीच्या अगदी हनुवटीखाली होतं ते बटण. काढून टाका. शेजारच्या खोलीत पोरगी धडधाकट झोपलीय, श्वासाचा आवाज इथवर येतोय, हे माहीत असून आत्याला ते दाबवेना. अंगठा आपोआप सरकला, निळ्याकडे. मुक्त करा. केवढा मवाळ शब्द. पिंजऱ्याचं दार उघडल्यासारखा.

तिनं हात झटकन मागे घेतला. निळ्या बटणाखाली, फिक्या करड्या अक्षरांत, कुणी वाचू नये इतक्या बेतानं लिहिलेलं होतं, 'मुक्त केलेला फोटो कुणालाही, कुठेही, कशासाठीही वापरता येईल. सोडलेला हक्क परत मिळत नाही.'

जिवंत लेकीच्या फोटोखाली अंगठा अडला माझा, आत्याला वाटलं. आणि वहिनीचा तर...

मोबाईल हातातच वाजला. दादा होता.

"कळलं?" त्यानं विचारलं.

"कळलं."

"मलाही ती अक्षरं बघूनच कळलं, तू दाखवलीस तेव्हा. तो गेल्यावर एकदा मी दुपारी घरी आलो होतो, ती बाथरूमच्या दारात बसली होती, टोपलीपाशी. मोबाईल मांडीवर. म्हणाली, झालं, मुक्त केलं त्याला. मला वाटलं, मनानं म्हणतेय. मी म्हटलं, बरं केलंस." दादाचा श्वास ऐकू येत होता. "मीच म्हटलं गं, बरं केलंस."

"दादा, तिला सांगायला हवं."

"नको. हात जोडतो. माझ्यावर रागावली तर ती जगेल. जाईल बहिणीकडे, शिव्या घालेल, पण जगेल. स्वतःवर रागावली तर नाही जगणार."

६

वहिनीची पिशवी दाराशी भरून तयार होती.

"कळलं मला," ती म्हणाली. "त्यानं फोन केला होता. मी विकला म्हणाला. मी सतरांदा विचारलं, का? तर म्हणे, असंच. असंच! भांडी विकतात का गं असंच?" तिचे डोळे कोरडे, लाल. "तू आता भावाची वकिली करू नकोस. मी जाते."

आत्या दारातच उभी होती, झोळीत झोपलेली छोटी. भावाची विनवणी एका कानात, आणि ही पिशवी डोळ्यांपुढे. खोटं बोलली तर हे घर मोडतं. खरं बोलली तर ही बाई मोडते. वाटेत तिनं दहा वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवेना. तिनं नुसता मोबाईल काढला आणि वहिनीच्या हातात दिला.

पडद्यावर छोटी आळस देत होती. खाली दोन बटणं.

"हे काय?"

"मी माझं खातं बंद करत होते. इथवर आले आणि अडकले. वहिनी, मला सांग, ह्यातलं कुठलं दाबू?"

वहिनीनं छोटीकडे पाहिलं. भोपू गेल्यानंतर झालेल्या ह्या पोरीकडे तिनं आजवर कधी नीट पाहिलं नव्हतं, झोळीत असली तरी नजर वरून जायची. आता ती फोटोकडे बघत राहिली. तिचा अंगठा लाल बटणावर गेला आणि चटका बसल्यासारखा उचलला गेला. मग निळ्यावर. तिथे थांबला.

स्वयंपाकघरातला नळ टपटपत होता. खाली कुणाचीतरी गाडी सुरू होईना, पुन्हा पुन्हा घरघरत होती.

"हे मी पाहिलंय," वहिनी हळूच म्हणाली.

आत्यानं आत येऊन दार लावून घेतलं.

"त्याच्या खाली होतं हे. त्याच्या पोटाखाली." ती पिशवीवरच बसली. "आत्या, मी त्याला 'काढून टाका' कसं म्हणणार होते?"

"नाहीच म्हणू शकत कुणी."

"सगळे म्हणत होते ना. त्याला धरून ठेवू नकोस. मोकळा कर. मुक्त कर. तूपण म्हणाली होतीस, इथेच बसून."

"म्हणाले होते," आत्या म्हणाली. तिच्या जिभेवर त्या शब्दांची आता राख झाली होती.

"मला वाटलं, हेच ते. मला वाटलं, दाबलं की त्याला बरं वाटेल." आणि मग, इतके महिने जे आलं नव्हतं ते आलं. वहिनी रडली ती भोपूसारखी रडली, भोंगा वाजावा तशी, खालच्या मजल्यापर्यंत. आत्या तिच्याशेजारी फरशीवर बसून राहिली. छोटी जागी होऊन तिनंही सूर लावला. कुणी कुणाला गप्प केलं नाही.

दादा किल्ली लावून आत आला तेव्हा तिघी तशाच होत्या. त्यानं बहिणीकडे पाहिलं.

"विकला म्हणे," वहिनी त्याला म्हणाली. आवाज चिरकला होता. "तुला साधी रद्दी विकता येत नाही आणि तू काय विकणार? का खोटं बोललास?"

"तू माझ्यावर चिडलेली मला चालतेस," दादा म्हणाला. "सवय आहे."

तो खाली बसला, मोबाईल काढला आणि दोघांच्या मध्ये धरला. मूळ फोटो. न कापलेला. टोपलीत भोपू, आणि मागे आरशात जीभ काढलेली, तिरळी, पिंजारलेली त्याची आई.

दुकानाच्या भिंतीवर तो सगळ्या जगाकडे बघून हसत असल्यासारखा वाटायचा. तसं नव्हतं. तो कुणाकडे बघून हसतोय, ते फक्त ह्या एका प्रतीत दिसत होतं.

"शी," वहिनी म्हणाली. "काय माझा अवतार." आणि तिनं बोटानं आरशातल्या स्वतःला नव्हे, त्याच्या नाकावरच्या ओरखड्याला हात लावला.

"परत घेता येईल का गं तो?" दादानं आत्याला विचारलं.

"नाही," आत्या म्हणाली. तिच्या धंद्यात खोटी आशा देत नसत. "तसं लिहिलंय खाली."

७

दोन दिवसांनी तिघंही त्या दुकानात गेली. छोटी ह्यावेळी वहिनीच्या कडेवर होती. तिनं मागितली नव्हती. आत्याची चप्पल तुटली म्हणून ती खाली वाकली, तेव्हा वहिनीनं हात पुढे केले, आणि चप्पल नीट झाल्यावरही छोटीला परत दिलं नाही.

मॅनेजर त्यांना पाहून चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेत पुढे आला. दादा म्हणाला, "घाबरू नका, विकत घ्यायला आलोय."

भिंतीवरचे काही खिळे रिकामे झाले होते. कुठे कुठे गेला असेल तो. वहिनीनं त्या रिकाम्या खिळ्यांकडे क्षणभर पाहिलं, आणि मग एक साधी लाकडी चौकट उतरवून गल्ल्यावर ठेवली.

गल्ल्यावरची मुलगी तीच होती. तिनं वहिनीला ओळखलं आणि लगबगीनं, काहीतरी चांगलं करायला मिळावं म्हणून, फ्रेम उलटी केली. मागच्या पत्र्याच्या पट्ट्यांखाली नख घातलं.

"आतला फोटो काढून टाकू का, ताई?"

"नको." वहिनीनं तिच्या हातावर हात ठेवला. "असू दे."

"अहो, पण..." मुलगी गोंधळली. मॅनेजरकडे बघत, आवाज खाली आणून म्हणाली, "तो नमुना आहे ना."

वहिनीनं कडेवरच्या छोटीला सावरलं. मागे वळून दादाकडे पाहिलं. दादाचा हात कानाच्या पाळीकडे गेला नव्हता, डोळ्यांकडे गेला होता.

"हो गं बाई," ती म्हणाली. "नमुनाच होता. आमचा."